डोक्यावरचा भोवरा

शेजारी बसलेल्या पोराचे डोके जरा पुढे घेऊन बघा. टाळूमागे केसांचा भोवरा दिसेल. दोन असले तर “हा दोन बायका करणार” म्हणून आजी चिडवते; ते असो. त्या भोवऱ्याभोवती बोट गोल फिरवा. बोट मूळ जागी येते तोवर केसांच्या रोखाने एक पुरा फेरा घेतलेला असतो. आता तेल चोपडा, फणी फिरवा. भोवरा थोडा सरकेल, पण जाणार नाही. कारण सुरुवातीचा आणि शेवटचा केस एकच, तेव्हा रोख जुळलाच पाहिजे. पाऊण फेरा तेथे चालत नाही.

असलेच हट्टी भोवरे द्रव हेलियमात असतात. फुग्यात भरतात तो हा हलका वायू. १९०८ साली हॉलंडात लायडन येथे कामर्लिंग ओनेस यांनी तो शून्याखाली २६९ अंशांपर्यंत थंड करून द्रव केला. आणखी दोन अंश खाली गेले की हा द्रव घर्षण विसरून वाहतो, हे १९३८ साली मॉस्को आणि केंब्रिज येथून जाहीर झाले.

बादलीतले पाणी ढवळले की सबंध पाणी गरगरते. या द्रवाचे तसे नाही. भांडे फिरवले की त्यात केसाहून कितीतरी बारीक असे उभे भोवरे उमटतात, आणि सारे एकाच मापाचे! ऑन्सागर यांनी १९४९ साली आणि फाइनमन यांनी १९५५ साली हे गणिताने सांगितले होते. भांडे सेकंदाला एक फेरा घेत असेल, तर चौरस सेंटिमीटरात सुमारे साडेबारा हजार भोवरे होतात.

तुम्ही म्हणाल, याचे आम्हांला काय? तर शहरातल्या इस्पितळात एमआरआयच्या बोगद्यात रोग्याला सरकवतात, तेथे बहुतेक यंत्रांत नायोबियम-टायटॅनियमच्या तारेचे वेटोळे असते. थंड केल्यावर तीतून वीज विनारोध वाहते. पण चुंबकत्व तारेत शिरते ते विजेच्या भोवऱ्यांच्या रूपाने. हे अब्रिकोसोव्ह यांनी १९५७ साली दाखवले, नोबेल मिळाले २००३ साली! हे भोवरे जागचे हलले की उष्णता होते आणि सारा खेळ बिघडतो. म्हणून तार करणारे धातूत मुद्दाम बारीक खोडी ठेवतात. दाव्याला गुरे बांधावीत तसे भोवरे त्यांना अडकून राहतात. निर्दोष तार येथे कुचकामी, हे मला फार गमतीचे वाटते.

आणि अर्धा भोवरा? केसाला मूळ आणि टोक असते, म्हणून पुरा फेरा लागतो. बोटावरच्या रेषेला मागचापुढचा भेद नाही. चक्र नसलेल्या बोटावर रेषा पुष्कळदा एका अंगाने येतात, वळतात आणि त्याच अंगाने परत जातात. त्या वळणाभोवती फिरा, रेषा अर्धाच फेरा घेते आणि तरीही जुळते. हेलियमचा एक हलका भाऊ आहे, हेलियम-तीन. त्यात लाटेचा फेरा अर्धाच होतो, पण त्याच वेळी कणांच्या जोड्यांची आतली दिशाही उलटते. दोन उलटे मिळून सुलटे. व्होलोविक आणि मिनेयेव्ह यांनी १९७६ साली हे सुचवले. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात, समांतर बारीक तंतूंच्या जाळीत हेलियम-तीन भरून भांडे फिरवले, तेव्हा २०१६ साली तो अर्धा भोवरा सापडला. मधे चाळीस वर्षे गेली.

गुरुजी, वर्गात शाईचे ठसे घ्या. तीन बाजूंनी रेषा येऊन भिडतात अशी जागा मुलांना शोधू द्या. तोही अर्धाच फेरा आहे, मात्र उलट्या दिशेचा.