मैदानापेक्षा जीप धोक्याची

कबड्डीत चढाईला गेलेला गडी एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ घुमवतो, तेही समोरच्याच्या तोंडापाशी. मग फ्लू किंवा कोरोना तिथेच लागत असेल? इंग्लंडमध्ये 2020 च्या रग्बी लीग सामन्यांचं चित्रण तपासलं, तेव्हा कोरोनाबाधितांशी झटापट होऊनही मैदानावर लागण क्वचितच झालेली दिसली. उघड्यावर श्वासातले कण पांगतात. बंद खोलीत तरंगत राहतात. खेळाडूंना सगळ्यांपासून वेगळं ठेवूनही संघांत कोरोना शिरला आणि 4 मे 2021 ला आयपीएल थांबवावी लागलीच! तेव्हा कुंडमहून जबलपूरला सामन्याला निघालेल्या पोरांनो, जीपच्या काचा उघडा, उष्टी बाटली फिरवू नका. आणि अंगात ताप असेल, तर राखीव गड्याला खेळू द्या.