शेजारची कविता



विषय कवितेचा आणि वक्ता कामगार संघटनेचा, हे पाहून काहींना नवल वाटले असेल. माझे शाळेतले शिक्षण सातवीवर आटोपले. पुढचे कारखान्याच्या फाटकावर आणि ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात झाले. तेव्हा काव्यशास्त्र मी सांगणार नाही. शेजारी राहणाऱ्या माणसांची कविता आपण का ऐकली नाही, एवढेच विचारणार आहे.

कल्याणच्या पुढे विठ्ठलवाडी, त्यापुढे उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत १९४७ नंतर सिंधमधून आलेले सुमारे एक लाख निर्वासित राहू लागले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. पण आजही तेथला माणूस पत्ता सांगतो तो कॅम्प नंबर एक, नाही तर कॅम्प नंबर पाच. या माणसांनी कराचीच्या बंदरात सामानाची झडती दिली होती. १९४८ च्या जुलैत परवान्याची पद्धत आली, १९५२ मध्ये पासपोर्ट आणि व्हिसा आले, आणि जन्मगाव हा परदेश झाला.

ही सरहद्द कागदावरची. दुसरी आपण आखली. 'निर्वासित' हा शब्द आपण शिवीसारखा वापरला. तेथल्या मालाला 'मेड इन यू.एस.ए.' म्हणून हसलो. मीही हसलो. एका कारखान्यात आमच्या समितीसाठी एका वयस्क सिंधी फिटरचे नाव पुढे आले होते. 'तो आपल्यातला नाही,' असे कोणीसे म्हणाले आणि ते नाव गळाले. मी गप्प बसलो. माझे वडील साताऱ्याकडून वळकटी घेऊन मुंबईत आले, तेव्हा त्यांना 'घाटी' म्हणून हिणवले गेले होते. ते मला ठाऊक होते, तरी मी गप्प बसलो.

त्याच फिटरने एकदा डबा खाताना मला मारुईची गोष्ट सांगितली. अठराव्या शतकातले सिंधी संतकवी शाह अब्दुल लतीफ यांनी ती गायिली आहे. उमर राजा मारुईला पळवून उमरकोटाच्या किल्ल्यात ठेवतो. ती रेशीम नाकारते, राणीपद नाकारते, माहेरचे जाडेभरडे पांघरूण सोडीत नाही आणि मलीरच्या आपल्या माणसांची वाट पाहते. ऐकता ऐकता मला जात्यावर माहेर आठवणारी माझी आजी दिसली. मनात म्हटले, अरे, हा तर आपल्यातलाच! पण ते कळायला समितीची निवड होऊन जावी लागली.

आता दुसरे उदाहरण पाहा. १९६५ च्या युद्धात सिंधमधले कवी शेख अयाज यांनी एक कविता लिहिली. समोर नारायण श्याम उभा आहे. त्याची नि माझी बोली एक, मग त्याच्यावर बंदूक कशी रोखू, असा तिचा आशय. नारायण श्याम हे फाळणीनंतर भारतात आलेले सिंधी कवी. अयाज यांना तुरुंगात जावे लागले. कवितेने जी सरहद्द मानली नाही, ती मानणे त्यांना भाग पाडले गेले.

सिंधी भाषेला भारतात स्वतःचे राज्य नाही. १० एप्रिल १९६७ रोजी तिला घटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, हे खरे. पण अनेक घरांत आजोबांची वही अरबी वळणाच्या सिंधी लिपीत असते आणि नातवाला देवनागरी नि इंग्रजीच वाचता येते. वही पेटीत राहते. तिच्यातले मराठीत आणायचे, तर ती वाचणारे आहेत तोवरच आणता येईल.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मागण्या करणे हा माझा धंदाच आहे. पुढील वर्षी या व्याख्यानमालेतली एक संध्याकाळ सिंधी कवितेला द्या. कविता आधी सिंधीत वाचावी, मग मराठीत. आणि उद्या कल्याणच्या फलाटावर बिहारचा, उत्तर प्रदेशचा पोरगा गाठोडे घेऊन उतरेल, तेव्हा त्याला नाव ठेवण्याआधी त्याचे नाव विचारा.

तो फिटर आता हयात नाही. त्याची माफी मागायची राहून गेली. ती आज आपल्या साक्षीने मागतो आणि आपली रजा घेतो.