मॉल फोडून काढलेला रस्ता

डिसेंबर 1995 मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या नगरपालिकेनं एक अख्खा मॉल विकत घेतला. चालता मॉल नव्हे. गिऱ्हाईक तुटलेला, गाळ्यांना कुलपं लागलेला. नगरपालिकेनं रस्ते झाडावेत, पाणी द्यावं, घरपट्टी वसूल करावी. तिनं मॉलची मालकीण व्हावं हे कुठंही नवलाचं, आणि खाजगी मालमत्तेच्या त्या देशात तर आणखीच. पण गावापुढं दुसरा इलाज उरला नव्हता. तो मॉल हाच गावाचा मध्य होता.

गावाचं नाव पार्क फॉरेस्ट. शिकागोच्या दक्षिणेला, सुमारे 30 मैलांवर. इलिनॉय राज्याच्या कायद्यानं ते ‘व्हिलेज’ आहे, पण तिथं शिवार नाही की गोठा नाही. निवडून आलेलं विश्वस्त मंडळ आणि स्वतःचं पोलिस दल असलेलं ते शिकागोचं उपनगर आहे.

दुसरं महायुद्ध संपलं, सैनिक घरी परतले आणि अमेरिकेत राहायला घरं मिळेनाशी झाली. युद्धकाळात सरकारी गृहनिर्माणाचा कारभार पाहिलेले फिलिप क्लुट्झनिक यांनी ऑक्टोबर 1946 मध्ये या सैनिकांसाठी नवं गाव वसवण्याची घोषणा केली. हेच क्लुट्झनिक पुढे 1980 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या मंत्रिमंडळात व्यापारमंत्री झाले. आराखडा एल्बर्ट पीट्स यांचा. विस्कॉन्सिनमधलं ग्रीनडेल हे सरकारनं वसवलेलं गाव त्यांनीच आखलं होतं. ऑगस्ट 1948 मध्ये पहिली बिऱ्हाडं आली. त्यांनी तंबूत सभा भरवून गावाच्या कारभाराचा खल केला, आणि 1 फेब्रुवारी 1949 रोजी पार्क फॉरेस्टची कायदेशीर स्थापना झाली.

या गावाला एक चांगला निरीक्षकही लाभला. ‘फॉर्च्युन’ मासिकाचे विल्यम व्हाइट यांनी इथल्या माणसांचा बारकाईनं अभ्यास केला आणि 1956 मध्ये ‘द ऑर्गनायझेशन मॅन’ हे गाजलेलं पुस्तक लिहिलं. कोण कोणाच्या घरच्या पार्टीला जातं, याचे त्यांनी चक्क नकाशे काढले. तेव्हा दिसलं ते असं, की मैत्री स्वभावावर जुळते तेवढीच ती दाराच्या तोंडावर, सामायिक वाटेवर आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेवर जुळते. ज्यांच्या वाटा रोज एकमेकींना छेदतात, त्यांचंच एकमेकांकडे येणंजाणं वाढतं.

गावाच्या मधोमध होता पार्क फॉरेस्ट प्लाझा. उघड्यावरचा मॉल: मधे झाडं, फरसबंदी, घड्याळाचा मनोरा, कडेनं दुकानं, आणि आत मोटारीला मज्जाव. 1955 मध्ये शिकागोच्या मार्शल फील्ड्स या नामांकित दुकानानं इथं शाखा काढली, पुढे सिअर्स आलं. आजूबाजूच्या उपनगरांतली गिऱ्हाइकंही इथं यायची. चालण्यासाठी आखलेलं केंद्र म्हणून त्या काळी याहून चांगला नमुना दाखवणं अवघड होतं.

दोष होता तो चौकाच्या बाहेर. आत चालायचं खरं, पण आतपर्यंत यायचं मोटारीनं. दुकानांची तोंडं आतल्या बाजूला, पाठी रस्त्याकडे, आणि पाठींच्या मागं चहूकडे पार्किंगचं डांबर. दुकानांवर कोणी राहत नव्हतं. शिकागोला जाणाऱ्या गाडीचं स्टेशनही चौकाला लागून नव्हतं. शिवाय एवढ्या मोठ्या जागेचा मालक एक आणि व्यवसायही एकच, किरकोळ विक्रीचा. तो बसला की सगळंच बसणार होतं.

बसायला वेळ लागला नाही. 1973 मध्ये शेजारच्या मॅटिसनमध्ये, इंटरस्टेट 57 या महामार्गाजवळ, लिंकन मॉल उघडला. तो छताखालचा, वातानुकूलित, आणि महामार्गावरून सरळ आत शिरता येणारा. ज्या मोटारींच्या भरवशावर प्लाझा उभा होता, त्या मोटारी तिकडे वळल्या. मालक बदलले, रंगरंगोटी झाली, गिऱ्हाईक काही परतलं नाही. 1995 मध्ये सिअर्सनं गाशा गुंडाळला. मॉल नगरपालिकेच्या हाती आल्यावर, 1997 मध्ये मार्शल फील्ड्सही गेलं.

घर इथं, दुकान तिथं, कचेरी तिसरीकडे, ही अमेरिकी उपनगरांची पद्धत नुसत्या हौसेची नाही. तिच्यामागं कायदा आहे. आणि गंमत म्हणजे तो कायदा पक्का झाला तोही एका व्हिलेजच्या खटल्यात. ओहायो राज्यात, क्लीव्हलंडच्या कडेला युक्लिड नावाचं गाव आहे. कुठल्या भागात घरं, कुठे दुकानं, कुठे कारखाने हे तिथल्या व्हिलेजनं नकाशावर वाटून दिलं. अँब्लर नावाच्या जमीनमालक कंपनीनं दावा लावला. 1926 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या बाजूनं निकाल दिला. स्वतंत्र घरांच्या वस्तीत भाड्याच्या खोल्यांची इमारतसुद्धा उपद्रव ठरू शकते, असा न्यायालयाचा सूर होता. त्यानंतर गावोगाव अशा नियमावल्या झाल्या, आणि लक्ष्मी रोडवर किंवा गिरगावात ज्यात काही विशेष वाटत नाही ते, म्हणजे खाली दुकान आणि वर बिऱ्हाड, अमेरिकेच्या बहुतेक उपनगरांत बेकायदा ठरलं.

त्याच्या आधीचं चित्र पाहायचं तर शिकागोच्या उत्तरेला तेवढंच, 30 मैल जावं लागतं. लेक फॉरेस्ट इथं वास्तुविशारद हॉवर्ड व्हॅन डोरन शॉ यांनी 1916 मध्ये मार्केट स्क्वेअर बांधून पुरा केला. रेल्वे स्टेशनच्या अगदी समोर. तीन बाजूंना दुकानं, वर राहायच्या खोल्या आणि कचेऱ्या, मधे हिरवळ, आणि मोटारींनाही जागा ठेवलेली. शंभर वर्षं उलटली तरी तो चौक वापरात आहे. लेक फॉरेस्ट श्रीमंतांचं गाव, ही गोष्ट खरी. पण श्रीमंतांच्या उपनगरांतले मॉलही बंद पडले आहेत, तेव्हा नुसत्या पैशानं त्या चौकाचं आयुष्य वाढलं असं म्हणता येत नाही.

उपनगराला चालण्याजोगा मध्य हवा असेल, तर पहिली गाठ पडते ती पार्किंगच्या हिशोबाशी. अमेरिकी नियमावल्यांत 1,000 चौरस फुटांच्या दुकानामागं चार गाड्यांची जागा सर्रास मागितली जाते. गाडी वळवायची वाट धरली तर एका गाडीला सुमारे 325 चौरस फूट लागतात. चार गाड्यांचे झाले 1,300. म्हणजे दुकानापेक्षा त्याचं पार्किंग मोठं. उपाहारगृहासाठी अनेक ठिकाणी याच्या दुपटीहून जास्त गाड्यांची जागा मागतात. असे दहा-वीस गाळे ओळीनं उभे केले की इमारती एकमेकींपासून इतक्या लांब जातात, की शेजारच्या दुकानातसुद्धा माणूस गाडीनं जातो.

यावर तोड आहे, आणि ती मिश्र वापरातच आहे. कचेरीतल्या गाड्या सकाळी येतात आणि संध्याकाळी जातात. नाटकाच्या आणि जेवणाच्या गाड्या संध्याकाळी येतात. रहिवाशांच्या गाड्या रात्री उभ्या राहतात आणि सकाळी हलतात. एकच जागा दिवसातून तीनदा वापरली जाते. नियमावली मात्र प्रत्येकाकडून वेगळी जागा मागत असेल, तर ही सोय कागदावरच अडते. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनानं 1993 मध्ये जुन्या बाजारपेठेत पार्किंगचे मीटर बसवले. दुकानदारांची कुरकुर होती. पण मीटरचा पैसा त्याच पेठेच्या पदपथांवर, दिव्यांवर आणि झाडांवर खर्च करायचं कबूल झालं, आणि तसा तो झालाही. ओस पडत चाललेली ती पेठ नंतर चांगली भरभराटली.

आता पुन्हा पार्क फॉरेस्टला. मॉल ताब्यात आल्यावर नियोजनकारांनी जो आराखडा केला, त्यातलं मुख्य काम बांधायचं नव्हतं, फोडायचं होतं. काही इमारती पाडल्या आणि मॉलच्या मधून आरपार रस्ता काढला. नाव दिलं मेन स्ट्रीट. हा रस्ता सार्वजनिक. त्याच्यावरून गाडी जाते, कडेला ती उभीही राहते, आणि दुकानांची दारं त्याच्याकडे उघडतात. पूर्वी दुकानात काम असेल तरच माणूस आत शिरायचा. आता दुसरीकडे जातानाही तो इथून जातो. जिथं सिअर्स होतं त्या बाजूला लेगसी स्क्वेअर नावाची घरांची वसाहत झाली. ज्येष्ठांसाठी सदनिका आल्या. नगरपालिकेची कचेरी इथंच आहे, कलादालन आहे, आणि सार्वजनिक ग्रंथालय लागूनच आहे.

ही यादी वाचताना दुकानं मागं पडल्यासारखी वाटतात. ती मुद्दामच मागं घेतली. एवढ्या गावाला जेवढी दुकानं पोसता येतील तेवढीच ठेवायची, आणि उरलेल्या जागेत माणसांना रोज यावं लागेल अशी कामं आणायची, हा त्यातला विचार. नवी केंद्रं आखताना नेमकं इथं गणित चुकतं. वर सदनिका बांधल्या की खालची दुकानं चालतील, असं धरलं जातं. पण वरचे रहिवासी फार तर वाण्याचं आणि कॉफीचं दुकान तगवतात. बाकीच्यांना भोवतालच्या मोठ्या वस्तीतून आणि स्टेशनावरून गिऱ्हाईक यावं लागतं.

अर्लिंग्टन हाइट्समध्ये हे नीट दिसतं. शिकागोच्या वायव्येचं हे व्हिलेज. तिथं रेल्वे स्टेशन भर बाजारात आहे. इलिनॉयमध्ये 1977 पासून एक कायदा आहे: एखादा भाग सुधारायला घेतला, की त्या भागातल्या मालमत्ता कराची पुढची वाढ ठरावीक वर्षं त्याच भागावर खर्च करता येते. अर्लिंग्टन हाइट्सनं तो वापरला. स्टेशनाभोवती उंच सदनिका झाल्या, 2000 मध्ये मेट्रोपोलिस हे नाट्यगृह उघडलं, उपाहारगृहं आली. सकाळी शिकागोला जाणारा नोकरदार संध्याकाळी परतताना याच बाजारातून घरी जातो. पार्क फॉरेस्टच्या चौकाला असं लागून स्टेशन मिळालं नाही.

दुसरीकडेही असे प्रयोग झाले. मॅसॅच्युसेट्समधल्या मॅशपी गावात 1986 पासून एका जुन्या शॉपिंग सेंटरच्या पार्किंगवर रस्ते आखून छोट्या इमारतींचा बाजार वाढवत नेला. फ्लोरिडातल्या बोका रेटनमध्ये बंद पडलेला मॉल पाडून 1991 मध्ये मिझनर पार्क उभा राहिला: खाली दुकानं, वर घरं आणि कचेऱ्या, मधे लांबलचक बाग.

विल्यम व्हाइट यांचा माग इथवर येतो. 1958 मध्ये त्यांनी संपादित केलेल्या एका पुस्तकात जेन जेकब्स यांचा शहराच्या मध्यभागावरचा लेख आला. तीन वर्षांनी जेकब्स यांचं अमेरिकी शहरांवरचं प्रसिद्ध पुस्तक निघालं. स्वतः व्हाइट न्यूयॉर्कच्या चौकांत कॅमेरे लावून बसले. एक चौक भरलेला आणि दुसरा ओस का, याचं 1980 मध्ये त्यांनी दिलेलं उत्तर साधं होतं: जिथं बसायला जागा असते तिथं माणसं बसतात. त्यांच्या अभ्यासावरून न्यूयॉर्कनं 1975 मध्येच नियम केला होता, की चौकातल्या दर 30 चौरस फुटांमागं एक फूट लांबीची बैठक हवी. बाकावर पाठ टेकता येते का, खुर्ची सावलीत ओढता येते का, हे प्रश्न आराखड्याच्या शेवटच्या पानावर ढकलले जातात. चौक भरतो की ओस पडतो, ते त्यांच्यावरही ठरतं.

पार्क फॉरेस्टचं सगळं सुरळीत झालं, असं नाही. 1970 मध्ये गावाची वस्ती 30 हजारांवर होती, 2020 च्या जनगणनेत ती 22 हजारांच्या आत आली. शिकागोच्या दक्षिणेकडच्या या पट्ट्यात मालमत्ता कर चढा आहे. मोठी दुकानं गेली ती गेलीच. नगरपालिकेला वर्षानुवर्षं भाडेकरू शोधत, छपरं दुरुस्त करत बसावं लागलं.

तरीही दोन शेजाऱ्यांचा हिशोब मांडून पाहण्यासारखा आहे. प्लाझाचं गिऱ्हाईक ओढून नेणारा लिंकन मॉल 2015 च्या जानेवारीत न्यायालयाच्या आदेशानं बंद झाला, कारण इमारत धोकादायक झाली होती. पुढे तो पाडला गेला, आणि मॅटिसनला तिथं सगळं पहिल्यापासून मांडणं भाग पडलं. पार्क फॉरेस्टमध्ये रस्ता आधीच होता. त्याच्या कडेची एक इमारत पडली, एक गाळा बंद झाला, तरी बाकीच्यांची दारं उघडी राहिली. उन्हाळ्यात शनिवारी सकाळी तिथं शेतकऱ्यांचा बाजार भरतो, आणि मॉलच्या त्या जागेवरचे मोकळे भूखंड नगरपालिकेला एकेक करून वापरात आणता येतात.