राखण आणि पाळत

(पुण्यातल्या एका वसाहतीत महिला मंडळ आणि तिथे कामाला येणाऱ्या घरकामगार बाया यांच्या एकत्र बैठकीत केलेलं भाषण. बोलीभाषा तशीच ठेवली आहे.)

मंडळाच्या सभासद खुर्च्यांवर बसल्या आहेत आणि कामाला येणाऱ्या बाया सतरंजीवर. थोडं सरकून एकमेकींजवळ बसलात तर बरं होईल, कारण आजचा विषय दोन्हीकडच्यांचा मिळून आहे.

गेल्या दोन महिन्यांत इथे तीन घरं फुटली आणि खाली लावलेल्या एका गाडीची काच फोडून आतली बॅग नेली. त्यावर सोसायटीच्या कमिटीने काही ठराव मांडलेत. मंडळाने ते मला आधी वाचायला दिले. रात्री पुरुषांचं गस्तीपथक काढायचं. कामवाल्यांच्या पिशव्या जाताना फाटकावर तपासायच्या. भाजीवाले, भंगारवाले आत सोडायचे नाहीत. आणि रात्री दहानंतर येणाऱ्यांची वॉचमनने वहीत नोंद करायची. हे वाचून आमच्यातली एक म्हणाली, घरफोडीवर बायकांच्या संघटनेने काय बोलायचं? मला वाटतं, आपण बोललो नाही तर हे चारही ठराव तसेच पास होतील. चोर सापडेल की नाही सांगता येत नाही, पण त्यांचा जाच मात्र बायांनाच होईल.

आधी चोरीचं बघू. तिन्ही घरं कधी फुटली? सकाळी अकरा ते दुपारी चारच्या मध्ये. शिट्ट्या आणि बॅटऱ्या घेऊन रात्री फिरणारे काका मंडळी त्या वेळी जेवून आडवे झालेले असतात. (हसू नका, त्यांचा उत्साह चांगलाच आहे, फक्त वेळ चुकली आहे.) दिवसा घरफोडी करणारा माणूस आधी बघून जातो की दार बंद आहे की घर बंद आहे. दारात दुधाची पिशवी दुपारपर्यंत लटकलेली. पेपर दोन दिवसांचे पडलेले. शेजारच्या दारापुढे रोज रांगोळी, या दारापुढे चार दिवसांची पुसट झालेली. बाहेरून लावलेलं मोठं कुलूप, ते तर लांबूनच सांगतं की आत कोणी नाही. मग बेल वाजवून बघायची. कोणी दार उघडलंच तर 'अमुक कुठे राहतात' विचारून खाली उतरायचं. नाही उघडलं तर कडीकोयंडा उचकटायला पाच-दहा मिनिटं पुरतात. आवाज होतो, पण शेजारणीला वाटतं सुतारकाम चाललंय.

आता या सगळ्या खुणा कोणाला आधी दिसतात? पेपर टाकणाऱ्या पोराला. दूधवाल्याला. जिना झाडणाऱ्या मावशींना. तीन घरची भांडी करून चौथ्या घरी जाणाऱ्या बाईला. समोरच्या घरात दिवसभर असणाऱ्या आजींना. वसाहतीचे डोळे हेच आहेत, आणि ठराव नेमके यांच्याचविरुद्ध आहेत. ज्यांना सगळं दिसतं त्यांना फाटकावर चोरासारखं तपासलं, तर ती बाई उद्या तुम्हाला कशाला सांगेल की 'वहिनी, तिसऱ्या मजल्यावर दोन अनोळखी माणसं उभी होती'? तिने सांगितलं तर तिलाच विचारतील, तू तिथे काय करत होतीस.

वाड्यात आणि चाळीत राहिलेल्या इथे बऱ्याच असतील. तिथे दिवसा दारं उघडी असायची, आणि गॅलरीत कोणीतरी गहू निवडत बसलेलं असायचं. नवा माणूस आला की 'कोण पाहिजे?' हा प्रश्न यायचाच. त्या गॅलरीचं फार कौतुकही नको. कोणाची मुलगी कोणाबरोबर आली हेही तीच गॅलरी बघायची. पण 'कोण पाहिजे?' हा साधा प्रश्न घरफोड्याला नको असतो, एवढं खरं. फ्लॅटमध्ये आल्यावर आपण लोखंडी जाळीचं दार लावलं, डोळ्याएवढं भोक ठेवलं आणि विचारणं बंद केलं.

गाडीचं थोडक्यात. काच फोडली जाते ती आत काही दिसतं म्हणून. सीटवर बॅग, लॅपटॉप, पर्स ठेवू नका, रिकामी पिशवीसुद्धा नको. आणि आपल्यातल्या बहुतेकींकडे मोटार नाही, दुचाकी आहे. सकाळी फिरायला जाताना किंवा मुलाला शाळेत सोडताना पर्स डिकीत टाकतो आणि किल्ली कित्येकदा गाडीलाच. डिकी उघडायला मोठी कारागिरी लागत नाही. बँकेतून पैसे काढून निघालात तर वाटेत भाजीला थांबू नका. 'बाई, तुमचे पैसे पडले' म्हणून रस्त्यावरच्या दहा-दहाच्या नोटा कोणी दाखवल्या, तर आधी स्वतःच्या पर्सवर हात ठेवा.

घरफोडीत जातं काय? मुख्यतः सोनं. आणि सोनं कोणाचं? घर नवऱ्याच्या नावावर, गाडी त्याच्या नावावर, बँकेचं खातंही कित्येकदा त्याचंच. बाईच्या मालकीचं म्हणावं ते चार बांगड्या आणि एक गंठण. तिचं स्त्रीधन. संसार मोडला, नवरा वारला, मुलाने विचारलं नाही, तर तेवढाच तिचा आधार. म्हणून घरफोडी हा माझ्या मते बायकांच्या मालमत्तेचा प्रश्न आहे. पण फिर्याद द्यायला चौकीत कोण जातं? नवरा किंवा सासरा. दागिन्यांचं वर्णन तो करतो: 'बायकोचे दागिने, अंदाजे इतके तोळे.' पावती आईच्या पेटीत माहेरी राहिलेली असते. पुढे माल सापडला तर तो मुद्देमाल म्हणून जमा होतो आणि कोर्टाच्या हुकमाने परत मिळतो, आणि तेव्हा वस्तू आपली आहे हे पटवावं लागतं. मुद्देमाल वर्षानुवर्षं ठाण्यात पडू देऊ नये, पंचनामा आणि फोटो करून लवकर परत द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सांगितलं आहे. पण मागायला जाणारीकडे कागद हवा.

तेव्हा प्रत्येकीने या आठवड्यात आपल्या दागिन्यांची यादी करा. वजन, घडणीची खूण, कोणी दिला, पावती असेल तर तिची प्रत, आणि घातलेला असताना काढलेला एखादा फोटो. यादीची एक प्रत घराबाहेर, बहिणीकडे किंवा मैत्रिणीकडे ठेवा. ही यादी चोरीपुरतीच उपयोगाची आहे असं नाही, हे इथल्या काहीजणींना न सांगता कळेल. आणि चोरी झालीच तर तुमच्या वस्तूंची फिर्याद तुम्ही द्या. ठाणं कुठलंही असलं तरी गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो, 'आमच्या हद्दीत नाही' हे उत्तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेत चालत नाही. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

आता सतरंजीवरच्या बायांकडे येते. घरात काही दिसेनासं झालं की पहिलं नाव कोणाचं येतं ते त्यांना पाठ आहे. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला, त्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली. राज्यात घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. तरी अंगठी मिळेनाशी झाली की बाईला अजून स्वयंपाकघरात उभं करून झडती घेतात. आमच्या संघटनेकडे आलेल्या एका बाईचं सांगते. मालकिणीची कर्णफुलं सापडेनात. हिला संध्याकाळी चौकीत नेलं, रात्री उशिरापर्यंत बसवलं, जावयालाही बोलावून घेतलं. तिसऱ्या दिवशी कर्णफुलं मालकिणीच्याच प्रवासाच्या बॅगेत मिळाली. मालकिणीने फोन करून सांगितलं, 'उद्यापासून ये.' ती गेली नाही. पण त्या एका घराच्या बोलण्यावरून बाकीच्या तीन घरांची कामंही गेली होती, ती कोणी परत दिली नाहीत.

कायदा काय म्हणतो ते दोन्ही बाजूंनी ऐका. कोणाचीही अंगझडती घ्यायचा अधिकार घरमालकिणीला नाही, सोसायटीला नाही, वॉचमनला नाही. पोलिसांनी अटक केलेल्या बाईची झडतीसुद्धा बाईनेच, तिची अब्रू राखून घ्यायची असते. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत बाईला अटक करता येत नाही. अगदी अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यायची. आणि नुसती माहिती विचारायची असेल तर बाईला ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही, तिच्या राहत्या घरी जाऊन विचारायचं. तुमच्या वस्तीतल्या प्रत्येकीला हे तोंडपाठ पाहिजे.

एक गंमत सांगते, गंमत म्हणण्यासारखी नाही खरं तर. १८६० च्या दंडसंहितेत नोकराने मालकाकडे केलेल्या चोरीला वेगळं कलम होतं, सात वर्षांपर्यंत शिक्षा. साध्या चोरीला तेव्हा तीन. २०२३ ची नवी न्याय संहिता आली तरी नोकराचं कलम जागच्या जागी आहे. बाईचा महिन्याचा पगार बुडवणाऱ्या मालकाला चोर म्हणणारं कलम मात्र जुन्यात नव्हतं आणि नव्यातही नाही.

भंगारवाल्यांच्या ठरावाबद्दल. चोर ओळखायचा कसा, तर कपड्यांवरून, जातीवरून, हा आपल्याकडचा जुना रोग आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदाच केला आणि जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या. पारध्यांसारख्या जमाती त्यात भरडल्या. पोलिसांकडे हजेऱ्या लागायच्या, सोलापूरला तर तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट होती. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, पण लोकांच्या मनातून गेला नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागायला आली होती. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा मोबाइलवर आधीच पसरलेली. आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. १६ एप्रिल २०२० ला पालघरमधल्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर मारले गेले, तेव्हाही चोर फिरताहेत ही अफवाच होती. तिथले गावकरी पहारा देत होते. मैत्रिणींनो, राखणीला म्हणून जमलेली माणसं होती ती.

म्हणून तुमच्या मोबाइलच्या ग्रुपवर 'संशयित फिरतोय' म्हणून कोणाचा फोटो टाकू नका. काय घडताना पाहिलं ते ११२ ला कळवा: कुलूप तोडताहेत, गाडीचा नंबर अमुक. समोर चोरी होताना माणूस सापडला तर सामान्य नागरिकाला त्याला धरता येतं, पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करायचं. मारायचा अधिकार कोणालाही नाही.

राहिली रात्री दहाची वही. चोऱ्या दुपारच्या, मग वही रात्रीची का? या वहीत नावं कोणाची येतील ते बघा. शिफ्टची नोकरी करणाऱ्या मुली. एकटी राहणारी. कोणीतरी सोडायला आलेली. चार महिन्यांनी ही वही कोणाच्या बापाला, कोणाच्या घरमालकाला दाखवली जाईल. आणि रात्री अकराला घरातून बाहेर काढलेली सूनही त्या वहीत 'उशिरा आली' म्हणून लागेल.

कान उघडे ठेवायचे तर भिंतीपलीकडचंही ऐका. तीन घरं फुटल्यावर आज ही सभा भरली. पण याच वसाहतीतल्या एका घरातून मारहाणीचा आवाज येतो, हे तुमच्यातल्या दोघींनी मला वेगवेगळं येऊन सांगितलं. त्यावर सभा भरली नाही. 'घरगुती भांडण आहे' म्हणून टीव्हीचा आवाज वाढवला जातो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात चौथं कलम आहे. अशी हिंसा होतेय असं वाटलं तर कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दावा किंवा खटला होत नाही. तेवढंही धाडस होत नसेल तर बेल वाजवा. वाटीभर साखर मागा, आमच्याकडे पाणी येतंय का विचारा. २००८ साली 'ब्रेकथ्रू' संस्थेने 'बेल बजाओ' मोहीम काढली ती नेमकी यासाठी. हात उगारलेला असताना दारावर कोणी आलं की तो थांबतो. चोरही बेलला घाबरतो आणि हाही.

मग तुम्ही काय करायचं? प्रत्येक मजल्यावर दिवसा कोण घरी असतं ते कागदावर मांडा, त्यात कामाच्या वेळांसकट कामवाल्याही येऊ देत. गावाला जाताना शेजारी सांगून जा, म्हणजे पेपर आणि दूध कोणी उचलेल, दारापुढे दोन ठिपके काढेल. हे सगळं बायाच करतात आणि फुकट करतात, तर सोसायटीने निदान त्यांचं म्हणणं ठरावात घ्यावं. सोसायटीकडून जिन्यात दिवे, पक्के कोयंडे आणि वॉचमनला बसायला खुर्ची व दुपारी बदली माणूस मागा. बारा तास उभा राहिलेला वॉचमन दुपारी तीनला काय बघणार? वहीचा ठराव परत पाठवा.

आणि पिशव्यांच्या ठरावावर मंडळाचं मत कमिटीला उद्या कळवायचं आहे असं अध्यक्षबाई म्हणाल्या. ते आत्ताच हात वर करून घेऊ. सतरंजीवरचे हातही मोजायचे.