मागे राहिलेली आजी आणि नातवंडे

दसरा होतो, दिवाळीचे दिवे विझतात न विझतात, तोच आपल्या बीड जिल्ह्यातल्या कितीतरी गावांना एक निराळीच घाई सुटते. आष्टी घ्या, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज घ्या. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातले कोणतेही गाव घ्या. पीठमीठ बांधले जाते, भांडीकुंडी पोत्यात भरली जातात आणि घरातली कर्ती जोडी ऊसतोडीला निघते. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी नगर-पुण्याकडे, कोणी कर्नाटकात. नवराबायकोच्या या जोडीला नाव पडले आहे ‘कोयता’. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, परत यायची सोय नसते. ते दिवस मार्च-एप्रिलात उगवतात.

मग मागे घरात कोण राहते? आजी, कुठे सोबतीला आजोबा, आणि नातवंडे. आज मी बोलणार आहे ते या घराविषयी. त्यातल्या चुलीविषयी आणि सुईदोऱ्याविषयी. तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय आहे? भाकरी काय, गोधडी काय, रोजचंच आहे. पण हे रोजचे काम नीट चालले, तर लेकरू गावात राहते आणि शाळेत जाते. आजीच्याने ते झाले नाही, तर लेकरू आईबापाबरोबर फडावर जाते. तिथे थोडे मोठे पोर असले की वाढे बांधायला लागते, धाकट्या भावंडाला सांभाळायला लागते, आणि निम्मे वर्ष शाळेवाचून जाते.

आधी चुलीपाशी जाऊ या. आजी काठवटीत ज्वारीचे पीठ घेते. नात शेजारी बसलेली असते. पीठ जुने झालेले असले तर आजी म्हणते, “विरी गेली गं याची, आधण ठेव.” आता ही विरी म्हणजे काय? गव्हाच्या पिठाला जो चिकटपणा असतो, तो ज्वारीला नसतो. ज्वारीचे पीठ ताजे असले तर मळून मळून जमते. शिळे झाले की भाकरी थापताना कडेला चिरते. उकळते पाणी घातले की पिठातले सत्त्व फुगते आणि पीठ पुन्हा धरून राहते. भाकरी तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायच्या आत उलटायची, आणि शेवटी निखाऱ्यापुढे धरायची. आतल्या पाण्याची वाफ होते, ती वाफ पापुद्रा उचलते, आणि भाकरी टम्म फुगते. शिक्षक बंधूंनो, वाफेचा धडा तुम्ही वर्गात शिकवता तेव्हा या पोरीला विचारून बघा, भाकरी का फुगते? तिला उत्तर ठाऊक असते, फक्त हे पुस्तकातलेच आहे हे तिला कोणी सांगितलेले नसते.

थंडीत आमच्या भागात हुलग्याचे शेंगोळे होतात. हुलग्याच्या पिठात थोडे ज्वारीचे, थोडे गव्हाचे पीठ, लसूण, जिरे, तिखट, मीठ घालून घट्ट मळायचे. हातावर लांब वळी करायची, टोकाला टोक जुळवून कडे करायचे आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायचे. वळ्या करायला सगळी पोरे बसतात. कोणाचे कडे लहान, कोणाचे मोठे, कोणी तर आपल्या नावाचे अक्षरच वळतो. लहान-मोठी असली की एक शिजते अन् एक कच्ची राहते, हे त्यांच्या आपोआप ध्यानात येते. हुलगा हे कोरडवाहू रानातले धान्य. अंगात ताकद आणणारे, थंडीत ऊब देणारे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले आणि ज्वारी-बाजरीचे गुण जगभर सांगितले गेले. आपल्या आज्यांना ते कोणी सांगावे लागले नाही. पण आता दुकानातली पुड्यातली खारी-तळकट चीज घराघरात शिरली आहे. पाच रुपये हातावर ठेवले की लेकरू गप्प होते, हे खरे. आजी थकलेली असते, हेही खरे. तरी आजीबाईंनो, एवढे करा: तेच पाच रुपये गूळ-शेंगदाण्याला लावा.

आता सुईदोरा. दुपारची उन्हे अंगणात आली की आजी गोधडी काढते. कोणी तिला वाकळ म्हणतात. खाली एक जुने लुगडे पसरायचे, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, मध्ये जुन्या धोतराचे, सदऱ्याचे, परकराचे तुकडे सारखे अंथरायचे, वर दुसरे लुगडे. मग कडेपासून धावदोरा घालत, फेऱ्यामागून फेरा, आत आत जायचे. हे कडेपासून का? तर आतले तुकडे सरकू नयेत, गोळा होऊ नयेत म्हणून. टाका लहान आणि सारख्या अंतरावर असला तर गोधडी वर्षानुवर्षे धुवून टिकते. लांब टाका घातला की धुताना दोरा अडकतो आणि तुटतो.

या गोधडीत एक गोष्ट असते ती नीट ऐका. घर सोडताना आईचे एखादे जुने लुगडे मागे राहते. शहाणी आजी तेच लुगडे लेकराच्या गोधडीला वर लावते. पहिले आठ-पंधरा दिवस लेकरू रात्री दचकून उठते, आईला विचारते. त्या वेळी आईच्या लुगड्याचा वास आणि त्याची मऊ घडी तोंडावर घेऊन ते निजते. आजीचे हे औषध कोणत्या पुस्तकात लिहिलेले नाही. पण ज्यांनी अशी लेकरे सांभाळली आहेत, त्यांना ते माहीत आहे.

आजीच्या डोळ्यांना आता सुईचे नाक दिसत नाही. दोरा नातू ओवून देतो. मग आजी त्याला म्हणते, “बस, एक फेरा तू घाल.” मुलाने सुई धरली म्हणून हसू नका. सदऱ्याचे बटण आणि दप्तराचा तुटलेला बंद त्याला स्वतः शिवता आला पाहिजे. बारकी कामे करणाऱ्या बोटांना अक्षरही वळणदार येते. आणि टाके घालता घालता आजी बोलू लागते. आजच्या कित्येक आज्या १९७२ च्या दुष्काळात परकऱ्या पोरी होत्या. दुष्काळी कामावर आईबापाबरोबर खडी फोडायला जाणे, वाटलेली सुकडी खाणे, परदेशातून आलेली तांबडी मिलो रांधणे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले, हातांनी केले. आपल्या तालुक्याचा असा इतिहास आजी जिवंत आहे तोवरच मिळणार.

पण एका धोक्याविषयी बोलल्याशिवाय हे भाषण पुरे व्हायचे नाही. आजीचे गुडघे धरतात, पाणी लांबून आणायचे असते, धाकटी दोन पोरे असतात. मग सगळा भार हळूहळू बारा-तेरा वर्षांच्या थोरल्या नातीवर येतो. आधी एक दिवस शाळा बुडते, मग बाजाराचा दिवस बुडतो, मग आठवडा. तोवर शेजारची कोणी सांगते, “पोरगी मोठी झाली, आईबाप जवळ नाहीत, जबाबदारी कशाला घेता? उजवून टाका.” आजी भिते. आपल्या जिल्ह्यात कोवळ्या वयाची लग्ने फार होतात, त्यामागे ही भीतीच असते. म्हणून मी स्पष्ट सांगते. शाळेतून आल्यावर नातीने भाकरी थापली, नातवाने दोरा ओवला, तर ते शिक्षण. शाळा सोडून थापली, तर ते नुकसान. आणि भाकरी थापायला नातूसुद्धा बसू दे, म्हणजे नातीचा भार निम्मा होईल. अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न करणे २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे आजीला कोणीतरी घरी येऊन, मायेने सांगितले पाहिजे. कुठे असे लग्न ठरत असेल तर १०९८ हा फोन मुलांच्या मदतीसाठीच आहे.

इथे शिक्षकांचे काम येते. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क २०१० पासून कायद्याने मिळाला. मागे राहणाऱ्या मुलांसाठी गावोगाव हंगामी वसतिगृहे निघाली. बऱ्याच ठिकाणी लेकरू तिथे जेवते आणि निजायला आजीकडे येते. म्हणजे शाळा आणि आजी या दोघींनी मिळून एक लेकरू वाढवायचे असते. पण पालकसभेची चिठ्ठी जाते ती आईबापाच्या नावाने! ते तर फडावर. तेव्हा दिवाळीनंतर पहिली सभा आज्यांची बोलवा. त्यांना खाली ओट्यावर न बसवता वर्गात बसवा. चिठ्ठी वाचता येत नसेल तर पोराच्या हाती निरोप धाडा.

दुसरे, प्रत्येक मुलाला एक वही करायला सांगा, ‘आजीची वही’. एका पानावर शेंगोळ्यांची कृती, एका पानावर गोधडीचे माप, किती वीत लांब, किती वीत रुंद, एका वितीत किती टाके. एका पानावर दुष्काळाची हकीकत. भाषा, गणित, इतिहास त्यात आले. आणि लेकराच्या ध्यानात येते की ज्या आजीला सही येत नाही, तिलाही पुष्कळ येते.

तिसरे, आठवड्यातून एकदा आईशी फोनवर बोलताना त्या वहीतले एक पान वाचून दाखवू द्या. फडावर, उसाच्या पाचटाच्या कोपीत, दिवसभर वाकून वाकून पाठ मोडलेली ती बाई आपल्या लेकराचा वाचण्याचा आवाज ऐकते. पुढच्या हंगामाला ‘लेकरू बरोबर न्यावे का?’ हा प्रश्न तिच्या मनात येईल, तेव्हा तो आवाज तिला आठवेल.

ज्या घरी आजी-नातवंडेच आहेत, त्या घराच्या शेजाऱ्यांनाही माझी विनंती आहे. दळण आणताना त्यांचे दळण आणा. तापाला डॉक्टरकडे नेताना सोबत जा. एवढ्याने आजीचा अर्धा घोर जातो, आणि मग सुईदोऱ्याला, गोष्टीला, शेंगोळ्याला तिच्याजवळ वेळ उरतो.

आजीबाईंनो, तुम्ही जे करता त्याचा हिशेब कोणत्या मस्टरवर लागत नाही. पण तुमच्या चुलीपुढून उठून जे लेकरू सकाळी दप्तर घेऊन शाळेत जाते, ते गेलेच पाहिजे, रोज गेले पाहिजे, एवढा हट्ट तुम्ही धरा. बाकीचा भार शाळेने आणि गावाने उचलायचा आहे.