दुकानातल्या मुली नोकरी का सोडतात?



आपल्या भागातल्या कितीतरी मुली मॉलमध्ये व मोठ्या कापड दुकानांत कामाला जातात. चार-सहा महिन्यांनी कानांवर येते, "सोडली हो तिने नोकरी." मग बायका म्हणतात, हल्लीच्या मुलींना कष्ट नकोत. मला हे पटेना, म्हणून मी त्या मुलींनाच विचारले.

पगाराचे गाऱ्हाणे आहेच. पण पहिले निघाले ते पायांचे. गुलमंडीवरच्या जुन्या कापड दुकानांत विकणारा गादीवर बसे, गिऱ्हाईकही बसे. येथे मुलींना खुर्चीच नाही. दुकान उघडल्यापासून उभे, गिऱ्हाईक नसले तरी उभे. पोटऱ्यांना गोळे येतात, पाय सुजतात, अडचणीच्या चार दिवसांतही सुटका नाही. केरळात कोझिकोडच्या दुकानांतल्या बायका यासाठी भांडल्या आणि २०१८ साली तेथे बसण्याचा हक्क कायद्यात आला. तमिळनाडूने २०२१ साली तसेच केले.

दुसरे वेळेचे. घरी लक्ष्मीपूजन आणि मुलगी काउंटरवर! शटर खाली आले तरी उलगडलेल्या साड्यांच्या घड्या राहतातच. मग जालना रोडवर शेअर रिक्षाची वाट, आणि घरी आई दारात. आपल्या राज्याच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे मोठ्या दुकानात बाईला तिच्या संमतीवाचून रात्री साडेनऊनंतर कामाला ठेवता येत नाही, व जादा तासांना दुप्पट मजुरी आहे. मी विचारले त्यांतल्या एकीलाही हे ठाऊक नव्हते.

शिवाय ते टार्गेट. विक्री कमी झाली की चारचौघांत बोलणी. एक म्हणाली, "मावशी, गिऱ्हाईक आलेच नाही तर विकू कोणाला?" तीन वर्षे झाली तरी जागा तीच, मग शेजारच्या दुकानाने पाचशे रुपये जास्त दिले की मुलगी निघाली. तिचे काय चुकले?

लग्न ठरले की घरचेच सोडायला लावतात, हेही खरे. त्याचा बोल दुकानदाराला लावू नये.

एक मुलगी मात्र टिकली आहे. तिच्या वरच्या बाईंनी कोपऱ्यात एक स्टूल ठेवू दिले आहे, आणि पुढच्या आठवड्याची सुट्टी आधीच सांगतात. पगार इतरांएवढाच.

माझी सूचना एवढीच, की पुढच्या सभेला या मुलींना बोलवावे व कायद्याची माहिती असणारे कोणी आणावे. सभा मात्र सकाळी आठला ठेवावी. आपल्या नेहमीच्या चारच्या वेळेला त्या कामावर असतात.