सरहद्दीचा कारभारी



एजवेअरच्या या सभागृहात जमलेल्या मराठी वाचक-लेखकांच्या मेळाव्याचे अध्यक्षपद मजकडे यावे, हा आपल्या लोभाचा भाग आहे, माझ्या अधिकाराचा नव्हे; म्हणून औपचारिक सौजन्यात वेळ न दवडता मी विषयाकडे वळतो. अध्यक्षाने कवींविषयी बोलावे, असा शिरस्ता आहे. तो मोडून मी आज एका पोलीस अधिकाऱ्याविषयी बोलणार आहे. आणि येथून दोन स्थानके पलीकडे, कॉलिंडेलला, लंडनच्या पोलिसांचे १९३४ साली उघडलेले हेंडनचे विद्यालय असल्यामुळे ही जागा त्या विषयास अगदीच परकी नाही.

खुस्रो फरामर्झ रुस्तमजी यांचा जन्म १९१६ साली नागपूरजवळच्या कामठी या छावणीच्या गावी, एका पारशी कुटुंबात झाला. १९३८ मध्ये ते मध्यप्रांत व वऱ्हाडच्या पोलीस खात्यात दाखल झाले; म्हणजे इंग्रजी अंमलात आरंभिलेली चाकरी त्यांनी स्वतंत्र भारतात पुरी केली. १९५२ पासून सहा वर्षे ते पंडित नेहरूंच्या संरक्षणाचे प्रमुख होते. गर्दी दिसताच तीत शिरणाऱ्या पंतप्रधानांचा बंदोबस्त ठेवणे किती बिकट, हे १९५५ साली नागपुरातच एक रिक्षावाला सुरा घेऊन नेहरूंच्या मोटारीपाशी पोहोचला तेव्हा सर्वांस दिसून आले. पुढे मध्य प्रदेशच्या पोलीस दलाचे नेतृत्व आणि चंबळच्या खोऱ्यातील दरोडेखोरांचा पाठलाग. ते पर्व इतके रंगतदार आहे की त्यात शिरलो तर आजची सभा तेथेच संपेल.

१९६५ च्या एप्रिलात कच्छच्या रणातील सरदार चौकीवर पाकिस्तानी फौजेने हल्ला चढविला. त्या काळी पश्चिमेकडील सरहद्दीचा पहारा बव्हंशी निरनिराळ्या राज्यांच्या सशस्त्र पोलिसांकडे वाटलेला होता, आणि शत्रू एक असून त्याच्यासमोर उभे राहणारे हुकूम मात्र अनेक, अशी ती विचित्र व्यवस्था होती. त्या अनुभवातून १ डिसेंबर १९६५ रोजी सीमा सुरक्षा दल अस्तित्वात आले आणि रुस्तमजी त्याचे पहिले महासंचालक झाले. राज्याराज्यांतून आलेल्या तुकड्या, राजस्थानातले वाळवंट आणि उंट, बंगालच्या नद्या, कच्छच्या खाड्या, या साऱ्यांना एका शिस्तीत गोवणे म्हणजे निव्वळ गणवेश वाटणे नव्हे. ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला दलाची प्रबोधिनी उभी राहिली, ती याच जाणिवेने. १९७१ साली पूर्व बंगालातून निसटलेले अवामी लीगचे नेते ताजुद्दीन अहमद यांना प्रथम आधार मिळाला तो याच दलाच्या अधिकाऱ्यांचा. १७ एप्रिलला मुजीबनगर येथे बांगलादेशच्या नव्या सरकारचा जो शपथविधी झाला, त्याच्या तयारीतही या दलाचा हात होता. १९७४ मध्ये रुस्तमजींनी महासंचालकपद सोडले. सागरी चोरट्या व्यापाराचा विचार करणाऱ्या ज्या समितीचे ते अध्यक्ष होते, तिच्या शिफारशींतून पुढे तटरक्षक दल जन्मास आले.

इतक्यावरच ही कारकीर्द थांबती, तरी ती स्तुत्य ठरती. परंतु मी त्यांची निवड केली ती याकरिता नव्हे. राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सभासद या नात्याने ते बिहारच्या तुरुंगांत गेले आणि तेथे त्यांना असे कच्चे कैदी आढळले की, ज्यांचा गुन्हा शाबीत झाला असता तर जेवढी सजा भोगावी लागली असती, त्याहून अधिक काळ ते खटल्याविना खितपत पडले होते. रुस्तमजींना आपला अहवाल दफ्तरी दाखल करून स्वस्थ बसता आले असते; सरकारी नोकराची ती प्राचीन आणि सुखकर वाट आहे. त्यांनी १९७९ च्या जानेवारीत वृत्तपत्रात लेख लिहिले. ते वाचून वकील कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या, ‘हुसैनारा खातून’ या नावाने तो खटला प्रसिद्ध झाला, हजारो कैदी सुटले, आणि खटला त्वरेने चालणे हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच अंश आहे, असे न्यायालयाने ठरविले. ज्याने आयुष्य पहारे बसविण्यात घालविले, त्याच्या लेखणीने तुरुंगांची दारे उघडावीत, ही घटना मला कोणत्याही कादंबरीहून अधिक विलक्षण वाटते.

आमच्या साहित्यसभांतून मात्र कामठीच्या या सुपुत्राचे नाव क्वचितच ऐकू येते. १९९१ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, २००३ साली ते निवर्तले. नोकरीभर ते रोजनिशी लिहीत आले होते आणि पी. व्ही. राजगोपाल यांनी तिचे संपादन केल्यामुळे ती आज ग्रंथरूपाने उपलब्ध आहे, पण इंग्रजीत. तिच्यातील निवडक भाग मराठीत आणण्याचे काम या मेळाव्याने अंगावर घ्यावे, अशी माझी पहिली सूचना आहे. दुसरी सूचना समोर बसलेल्या वडीलधाऱ्यांस आहे. आपल्यापैकी कोणी विमानतळावरील जकातीत, कोणी टपालखात्यात, कोणी रुग्णालयांत हयात घालविली असेल. परंतु लिहावयास बसलो की आपण गावच्या आंबराईकडे धावतो. दुपारच्या बैठकीत कवितांना निम्मा वेळ ठेवून उरलेल्या वेळात नोकरीतील टिपणे वाचावीत, असा फेरफार मी कार्यक्रमपत्रिकेत सुचवितो. चिटणीसांनी त्यास आक्षेप घेतला नाही, तर पहिल्या वाचकाने आपले कागद घेऊन पुढे यावे.